जत्रेची तारीख कोण ठरवतं?

आजचा लेख एका भांडणापासून सुरू करतो. भांडण आमच्याच गावचं आहे. गाव सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरात. गावाचं नाव सांगत नाही, कारण अजून सगळ्यांना एकमेकांची तोंडं बघायची आहेत.

गेल्या माघात देवळात बैठक बसली होती. विषय एकच, यंदाची जत्रा. आमच्या भैरवनाथाची जत्रा चैत्र वद्य अष्टमीला असते. मुंबईच्या मंडळाचा निरोप होता की अष्टमी मधल्या वारी येते, रजा मिळत नाही, पोरांच्या परीक्षा असतात, म्हणून जत्रा मे महिन्यातल्या शनिवारी घ्यावी. त्यावर माझे चुलते, नाना, उठून म्हणाले, "देव काय तुमच्या साहेबाला विचारून पालखीत बसतो का? आज्या-पणज्यापासून अष्टमी हाय, अष्टमीच राहील." मुंबईहून आलेला एक जण म्हणाला, "नाना, वर्गणी आमची, तारीख तुमची, हे कसं चालायचं?" पुढचा तासभर काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. तुमच्याही गावात हे झालेलं असणार.

मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो. माझा पीएच.डी.चा विषय सह्याद्रीच्या डोंगरी गावांतल्या उन्हाळी जत्रा हाच आहे, त्यामुळे भांडण म्हणजे माझ्यासाठी साहित्यच. पण नानांच्या त्या एका वाक्यावर मी अडलो. "आज्या-पणज्यापासून." इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या वाक्याचं काय करायचं? खरं मानायचं, खोटं मानायचं, की तिसरंच काही? जे पेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसणार आहेत, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे.

विषय आणि प्रश्न

पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं, "सह्याद्रीतील ग्रामदेवतांच्या जत्रांची प्राचीन परंपरा : एक अभ्यास." माझ्या गाईडनी 'प्राचीन' या शब्दाभोवती लाल पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, "कशावरून?" बाकी काही नाही. तो कागद मी जपून ठेवलाय.

'जत्रा' हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. विषयावर माहिती गोळा होते. संशोधनाला असा प्रश्न लागतो, ज्याची दोन-तीन वेगळी उत्तरं शक्य आहेत आणि ज्यातलं कोणतं बरोबर हे पुराव्यावरून तपासता येतं. गावच्या बैठकीने मला तो प्रश्न आयता दिला. जत्रेची तारीख कोण ठरवतं? देव, पंचांग, शेती, मुंबई, की आणखी कोणी?

१९८३ साली एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेलं 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' हे पुस्तक आलं. कोर्सवर्कला ते तुम्हाला लावतीलच. जुन्या वाटणाऱ्या बऱ्याच परंपरा प्रत्यक्षात अलीकडच्या असतात आणि कोणीतरी ठरवून घडवलेल्या असतात, असा त्याचा मुद्दा. वाचून झाल्यावर पहिले सहा महिने प्रत्येक विद्यार्थ्याला सगळंच 'बनावट' दिसायला लागतं. मलाही दिसत होतं. पण 'परंपरा बदलली' आणि 'परंपरा खोटी आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. हा फरक मनात ठेवून पुढे वाचा.

आधी डोंगर बघा

तारखेचा विचार करताना पंचांग उघडण्याआधी खिडकी उघडा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतल्या घाटमाथ्याच्या गावांमध्ये त्या काळात वाटा बंद, ओढे भरलेले, माणसं भात, नाचणी, वरीच्या कामात. दिवाळीच्या आसपास कापणी-मळणी. मग थंडी. माणूस मोकळा, धान्य घरात, वाटा कोरड्या, आभाळ स्वच्छ, रात्री उघड्यावर झोपता येतं, असा काळ डोंगरात एकच, होळीपासून मृगापर्यंतचा. त्यातही तरव्यासाठी राब भाजणं, सरपण भरून ठेवणं, घर शाकारणं ही पावसाआधीची कामं असतातच, पण ती मागेपुढे करता येतात.

म्हणून चैत्र-वैशाख. सातारा-पुण्याच्या डोंगरपट्ट्यात भैरोबा, जोगेश्वरी, वाघजाई, काळूबाई अशा देवतांच्या कितीतरी जत्रा याच दिवसांत येतात. सगळ्याच नाहीत. मांढरदेवच्या काळूबाईची मोठी यात्रा पौष पौर्णिमेला असते, बावधनचं बगाड रंगपंचमीला. त्यामुळे 'डोंगरातल्या सगळ्या जत्रा उन्हाळ्यात' असं सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येईल.

यातून एक गोष्ट कळते. ऋतू जत्रेला जागा देतो, पण दिवस देत नाही. होळी ते मृग हे साधारण तीन महिने झाले. त्यातला नेमका दिवस का, याचं उत्तर डोंगर देत नाही. ते माणसांकडे शोधावं लागतं.

मोठी यात्रा हलत नाही, छोटी हलते

आता तुलना करा. तुलना ही इतिहासातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी पद्धत आहे.

जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या येतात आणि मानाच्या ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतात. शिखर शिंगणापूरला चैत्र शुद्ध पक्षात कावडी येतात. सासवडची भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून वर चढवतात. वणीच्या सप्तशृंगी गडावर रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत यात्रा भरते, खानदेशातून लोक चालत येतात, आणि शिखरावर निशाण लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे आहे. अॅन फेल्डहाऊस यांचं २००३ साली आलेलं 'कनेक्टेड प्लेसेस' हे पुस्तक अशाच यात्रांवर आहे. चालणारी माणसं, पालख्या आणि कावडी मिळून एक 'प्रदेश' कसा तयार करतात, हे त्यात फार छान मांडलंय. जरूर वाचा.

या यात्रांच्या तिथी कोणी बैठकीत बदलू शकत नाही. का? देव मोठा म्हणून? मला वाटतं कारण जास्त साधं आहे. शेकडो गावं आपापला रस्ता, मुक्काम, रजा, बैल, वर्गणी त्या तिथीशी बांधून बसलेली असतात, आणि त्या सगळ्यांना एकत्र बोलावून नवी तारीख ठरवू शकेल अशी कोणतीही एक संस्था नाही. पंचांग हीच त्यांची सामाईक चिठ्ठी.

आमच्यासारख्या गावात उलटं आहे. ठरवणारी माणसं देवळाच्या एका ओट्यावर मावतात. म्हणून तारीख हलू शकते, आणि हलू शकते म्हणूनच भांडण होतं. कोल्हापूरच्या जोतिबाच्या तारखेवरून भांडण होत नाही, आमच्या भैरोबाच्या होतं. संशोधकाच्या दृष्टीने छोटी जत्रा जास्त बोलकी असते ती यामुळे. मोठ्या यात्रेवर लिहिलेलं खूप मिळेल, पण निर्णय कसा झाला हे दिसेल ते छोट्या गावात.

मुंबई नावाचा मानकरी

'मुंबईकरांनी जत्रा बिघडवली' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते तपासू.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, कुलाबा, पुणे या भागांतून माणसं गिरणगावात गेली. पण ती गाव सोडून गेली नाहीत. राजनारायण चंदावरकर यांच्या १९९४ च्या पुस्तकात हा मुद्दा सविस्तर आहे. मुंबईची नोकरी बेभरवशाची होती, आजारपण-म्हातारपणाची सोय नव्हती, म्हणून गावची जमीन, घर आणि नातं टिकवणं हा विमा होता. आणि गावाला रोख पैसा हवा होता, म्हणून मुंबईतला माणूस गावाला हवा होता. एका गावची माणसं लालबाग-परळला एकाच खोलीत राहायची, गावकीच्या खोलीत. तिथेच गावाची मंडळं तयार झाली, तिथेच वर्गणी जमायची.

आता विचार करा. वर्षभर खोलीत पाळीपाळीने झोपणारा माणूस वर्षातून एकदा गावी येतो. लग्नं, घराची डागडुजी, पेरणीआधीची मदत, देणी-घेणी, मुलगी बघणं, सगळं त्या रजेत. जत्रा त्या रजेच्या मधोमध. म्हणजे मुंबई ही जत्रेवर बाहेरून आलेली आपत्ती नाही. निदान शंभर वर्षं ती जत्रेच्या आतच आहे. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि नंतर हळूहळू एसटी डोंगरात पोचली, तसं हे येणं-जाणं आणखी सोपं झालं.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यावर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. पण हा संप डोंगरातल्या गावातून बघितलाय का कधी? जानेवारीत संप, आणि तीन महिन्यांत चैत्र. त्या वर्षी गावाला वर्गणी कुठून आली? जत्रा झाली का, तमाशा आला का, गावजेवण झालं का? हे मी आमच्या आणि शेजारच्या गावांच्या वह्यांमधून शोधतोय. संप मोडला की मिटला याची चर्चा मुंबईत झाली. गावात त्याचा हिशोब जत्रेच्या वहीत उतरला असणार. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल, तर कोल्हापूर किंवा रत्नागिरीच्या गावांसाठी हाच प्रश्न घ्या. मी रागावणार नाही, उलट आनंदच होईल.

वही, पावती, हँडबिल

साधनं कुठे मिळतात, हा तुमचा नेहमीचा प्रश्न. क्रमाने सांगतो.

एक, गॅझेटियर. जुन्या बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५ चा. त्यात जत्रांच्या नोंदी आहेत, गाव, महिना, गर्दी अशा. पण सरकार जत्रेकडे का बघत होतं, हे विसरू नका. पटकी, पोलीस बंदोबस्त, व्यापार आणि कर. ज्या जत्रेत यातलं काही नाही, ती सरकारला दिसत नाही. गॅझेटियरमध्ये तुमच्या गावची जत्रा नाही म्हणजे ती भरत नव्हती, असा निष्कर्ष काढू नका.

दोन, १९६१ च्या जनगणनेबरोबर महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा एक वेगळा खंड निघाला. फार उपयोगी. मात्र अशा याद्यांमध्ये गर्दीचे आकडे गोल असतील तर थांबा आणि हा आकडा मोजलाय की कोणीतरी अंदाजे सांगितलाय, हे स्वतःला विचारा.

तीन, देवस्थान इनामाचे कागद. दिवाबत्ती, नैवेद्य, उत्सव यांसाठी देवाला जमीन दिलेली असायची. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने अशा हक्कांची चौकशी केली. त्यामुळे पुण्याच्या दप्तरखान्यात जत्रेचा इतिहास 'जत्रा' या नावाखाली नाही, 'इनाम' या नावाखाली सापडतो.

चार, आणि माझं सगळ्यात लाडकं, गावातली हिशोबाची वही. नारळ, गुलाल, तेल, ढोलवाले, पहिलवानांची बक्षिसं, तमाशाची सुपारी. सोबत पावतीपुस्तकं आणि जत्रेची हँडबिलं. हे कोणत्याही अभिलेखागारात नसतं. कोणाच्या तरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असतं, आणि घर नवीन बांधताना जाळलं जातं. वही दिसली की आधी फोटो काढा, अर्थ नंतर लावा. आणि परवानगी आधी घ्या, हे वेगळं सांगायला नको.

पाच, ओव्या. जत्रेला माहेरवाशिणी येतात, देवीची ओटी भरतात, चुलीपुढे राबतात, पण हिशोबाच्या वहीत त्यांचं नाव नसतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सुरुवात झाली ती मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतून. जत्रा बाईच्या नजरेतून बघायची असेल तर वहीइतकाच हा संग्रह महत्त्वाचा.

एक छोटा सापळा

तारखांच्या बाबतीत मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका.

पेशवाईतल्या हिशोबांत बहुतेक वेळा शुहूर सन असतो. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्यामुळे शुहूर सनाचं इसवी सन काढताना जून ते डिसेंबर या काळासाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृग या काळासाठी ६००. उदाहरण घ्या. शुहूर सन १२०० मधली दिवाळी १७९९ ची, पण त्याच १२०० मधला चैत्र १८०० चा. मी सगळीकडे ५९९ मिळवत होतो, त्यामुळे माझ्या तक्त्यात उन्हाळ्यातली प्रत्येक जत्रा एक वर्ष मागे गेली होती. एका दुष्काळाच्या वर्षी खर्च वाढलेला बघून मी त्यावर एक सुंदर सिद्धांतही रचला होता. तो गेला.

यात आणखी एक गंमत आहे. शुहूर सनात उन्हाळी जत्रेचा खर्च वर्षाच्या शेवटी येतो. आजच्या एप्रिल-मार्च वर्षात तो वर्षाच्या सुरुवातीला येतो. शिल्लक बघून खर्च करणं आणि येणाऱ्या पैशाच्या भरवशावर खर्च करणं, यात फरक आहे. वह्यांची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

तिथीचंही तसंच. चैत्र पौर्णिमा २०२० मध्ये ८ एप्रिलला होती आणि २०२१ मध्ये २७ एप्रिलला, कारण मध्ये अधिक महिना आला. तिथी 'स्थिर' असली तरी नोकरदाराच्या कॅलेंडरवर ती एकोणीस दिवस सरकली. मुंबईच्या मंडळाची तक्रार याच सरकण्याची आहे. (ही दोन्ही वर्षं कोरोनाची, हेही खरं. २०२० चा लॉकडाऊन सुरू झाला तो गुढीपाडव्यालाच, २५ मार्चला. उन्हाळी जत्रांचा पूर्ण हंगाम त्यात गेला.)

पुनवेला फड मिळाला नाही

आता नानांच्या वाक्याकडे परत येऊ.

आमच्या घरातल्या वह्या साठच्या दशकापासूनच्या आहेत, आजोबांच्या अक्षरातल्या. पहिल्या काही वर्षांत जत्रा चैत्र पौर्णिमेला लिहिली आहे. अष्टमी नाही! मग एका वर्षी नोंद येते, की पुनवेला तमाशाचा फड मिळाला नाही म्हणून खेळ अष्टमीस ठेवला. पुढच्या वर्षी परत अष्टमी. त्यानंतर पौर्णिमा वहीत कधी दिसतच नाही.

ही नोंद समजायला नारायणगाव माहीत हवं. जुन्नर तालुक्यातल्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन जत्रेसाठी सुपारी देतात. एक फड एका रात्री एकाच गावात नाचू शकतो. चैत्र पौर्णिमेला सगळ्यांनाच फड हवा, म्हणून त्या रात्रीचा भाव चढा. गरीब गावाने चार-आठ दिवस मागे सरकणं यात आश्चर्य काहीच नाही. पहिलवान, पाळणेवाले, मिठाईवाले यांचंही तेच. खोऱ्यातल्या जत्रा एकापाठोपाठ एक लागलेल्या दिसतात, त्यामागचं हे एक कारण असावं.

वही वाचून मी खुशीत होतो. गाईडना फोन केला. त्या म्हणाल्या, "एक नोंद म्हणजे एक नोंद. दुसरा साक्षीदार आण." म्हणून मी गावातल्या एका म्हाताऱ्या आबांना विचारलं. ते म्हणाले, "फडाचं काय न्हाई बाळा. वरच्या गावचीबी जत्रा पुनवेला व्हती. पालखीवरनं मारामारी झाली, मग पाटलांनी आपली मागं घेतली." मारामारी वहीत नाही. मारामारी कोण वहीत लिहील? आणि आबांना फड आठवत नाही, कारण तेव्हा ते तमाशाच्या वयाचे नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. सध्या माझ्या प्रकरणात दोन्ही आहेत, शेजारी शेजारी, आणि कोणती मुख्य हे मी लिहिलेलं नाही.

"आमची जत्रा कुठली?"

इथपर्यंत मला वाटत होतं, प्रश्न सुटत आला. मग मी बौद्धवाड्यात गेलो. खरं तर सगळ्यात आधी जायला हवं होतं. दोन वर्षं मी फक्त मानकऱ्यांच्या मुलाखती घेत होतो, कारण मी स्वतः मानकऱ्याच्या घरातला. ओट्यावर बसायला मला कोणी बोलावलं नाही, मी तिथेच वाढलो.

तिथे एका आजींना मी विचारलं, "आजी, आपली जत्रा पूर्वी कशी असायची?" त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपली कशी? तुमची. आमच्या बापाकडं लाकडं फोडायची, रातभर मशाल धरायची, सकाळी घाण काढायची. शेवटी उरलंसुरलं पदरात. आमी ती सोडली."

माझ्या वहीत, म्हणजे आजोबांच्या वहीत, ही माणसं कुठेच नाहीत. कारण त्यांच्या कामाला पैसे पडत नव्हते. जिथे पैसे पडत नाहीत तिथे नोंद होत नाही. वतनाच्या नावाखाली ते काम हक्काचं म्हणून सांगितलं जायचं आणि वेठ म्हणून करून घेतलं जायचं. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी अशी अपमानाची कामं सोडायला सांगितलं, १९२८ मध्ये महार वतनाबद्दलचं विधेयक कायदेमंडळात मांडलं, आणि कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. त्यामध्ये १४ ऑक्टोबर १९५६ येतो. आमच्या गावात मशाल नेमकी कधी खाली ठेवली गेली, ते आजींना साल म्हणून आठवत नाही. पण नाना ज्याला "त्या लोकांनी रीत मोडली" म्हणतात, त्याला आजी "आमी सोडली" म्हणतात. घटना एकच आहे. एका क्रियापदात सगळा इतिहास बसलाय.

आणि हेही बघा. बौद्धवाड्यातही उन्हाळ्यात मुंबईची माणसं येतात, वर्गणी जमते, मांडव पडतो. चौदा एप्रिलला जयंती, वैशाखात बुद्धपौर्णिमा. ऋतू तोच, रजा तीच, एसटी तीच. सिनॉप्सिसमध्ये मी 'गावाचा उन्हाळी उत्सव' असं एकवचनात लिहिलं होतं. गावात उत्सवाची दोन कॅलेंडरं होती आणि मला एकच दिसत होतं. शीर्षक बदललं, तिसऱ्यांदा.

बैठकीचं काय झालं

पुढच्या बैठकीत मी वही नेली. आजोबांची नोंद वाचून दाखवली. मनात होतं, की तारीख पूर्वीही बदलली होती हे कळलं की नाना नरम येतील. नाना चष्मा लावून ती नोंद दोनदा वाचून गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे मूळची पुनव. मग पुनवेलाच घेऊ की!"

मुंबईकरांनी कपाळाला हात लावला. मीही.

पण त्यातून मला जे कळलं ते कोणत्या पुस्तकात इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. परंपरा बदलली होती हे दाखवल्याने कोणत्याच बाजूचा विजय होत नाही. एक म्हणतो, बदलली होती, तर आताही बदलू. दुसरा म्हणतो, बदलली ही चूक, मूळ पकडू. पुरावा दोघांनाही पुरतो. काय झालं, कधी झालं, कोणाच्या सोयीने झालं आणि कोणाच्या जिवावर झालं, एवढंच आपण सांगू शकतो. पुढे काय करायचं ते गावाने ठरवायचं, आणि त्या ठरवण्यात ज्यांना कधी विचारलं गेलं नाही, त्यांची नोंद आपण ठेवायची.

शेवटी तोडगा निघाला. पालखी आणि छबिना अष्टमीलाच, गावजेवण आणि कुस्त्या मे महिन्यातल्या शनिवारी. कोणीच खूश नाही. खर्च दुप्पट होणार म्हणून खजिनदार तर अजिबात नाही. यंदाच्या वहीत ही नोंद मीच केली आहे, तारखेसकट, आणि खाली लिहिलंय की बौद्धवाड्याला बैठकीचा निरोप गेला नव्हता. नानांनी ती ओळ वाचली. खोडायला सांगितलं नाही. बोललेही नाहीत माझ्याशी दोन दिवस.

तुमच्यासाठी काम. या उन्हाळ्यात गावी गेलात की तीन माणसांना एकच प्रश्न विचारा, जत्रेची तारीख कोणी ठरवली? एक मानकरी, एक माहेरवाशीण, आणि एक असा माणूस ज्याला त्या ओट्यावर बसायला कधी बोलावलं नव्हतं. तीन उत्तरं तीन वेगळ्या कागदांवर लिहा. ती जुळली नाहीत तर घाबरू नका. जिथे जुळत नाहीत, तिथून तुमचा सिनॉप्सिस सुरू होतो.